आर म्हणजे गुंठा नव्हे! जमिनीच्या व्यवहारात मोबाईलवरचे साधे गणकयंत्र ठरतेय शेतकऱ्याचा आधार

खांब (ता. रोहा) : सातबारावर जमीन लिहिलेली असते हेक्टर-आरमध्ये. गावात बोलली जाते गुंठ्यात. एजंट दर सांगतो फुटात. खताची शिफारस येते हेक्टरी आणि नुकसानभरपाईही हेक्टरीच. एकाच शेताची अशी चार मापे झाली की घोळ होणारच. हा घोळ सोडवायला ना वकील लागतो ना मोठे ॲप. मोबाईलवर फुकट मिळणारे, एका रकान्यात आकडा टाकला की दुसऱ्या रकान्यात उत्तर देणारे क्षेत्रफळाचे साधे ऑनलाईन गणकयंत्र त्याला पुरते. दिसायला अगदीच किरकोळ, पण रायगडात आज जमिनीला जो भाव आलाय तो बघता या किरकोळ गोष्टीची किंमत लाखात जाते.

रायगडच्या जमिनीकडे बाहेरच्यांचे लक्ष आहे हे कुणाला नव्याने सांगायला नको. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण रखडत का होईना, पुढे सरकतेय. पेण, वडखळ, नागोठणे, खांब, कोलाड या पट्ट्यात फार्म हाऊस, प्लॉट आणि गोदामासाठी जागा विचारणारे फिरतायत. विकणारा बहुतेक वेळा भातशेती करणारा माणूस. आयुष्यात एकदाच, फार तर दोनदा जमीन विकणारा. घेणारा मात्र रोज हाच धंदा करणारा. अशा सौद्यात हिशोब कुणाच्या हातात आहे याला फार महत्त्व आहे.

गुंठा आला कुठून?

जुन्या मुंबई इलाख्यात जमीन मोजायला ३३ फुटांची साखळी वापरत. या साखळीने ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा चौकोन आखला की झाला एक गुंठा. ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे झाले की एक एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट.

पुढे १९५६ च्या वजने व मापे कायद्याने देशात दशमान पद्धत आली आणि हळूहळू जमिनीची दप्तरेही हेक्टर-आरमध्ये गेली. एक आर म्हणजे १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. शंभर आर म्हणजे एक हेक्टर. कागद बदलला, पण माणसांच्या तोंडातला गुंठा काही गेला नाही. आणि गंमत अशी की आर आणि गुंठा दोघे जवळजवळ सारखेच निघाले. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, आर १०० चौरस मीटरचा. फरक सव्वा चौरस मीटरही नाही. म्हणून गावोगाव एक समज पक्का बसला, "आर म्हणजेच गुंठा."

एका गुंठ्यापुरते हे चालून जाते. फरक साडेबारा चौरस फुटांचा. चटई टाकायची जागा. पण गुंठे वाढले की चटईची खोली होते आणि खोलीचे अंगण होते.

दहा गुंठ्यात एक खोली गेली

समजा, एखाद्याने घर बांधायला म्हणून भाऊबंदाकडून दहा गुंठे घ्यायचे ठरवले. पैसे दहा गुंठ्यांचे दिले. खरेदीखतात मात्र लिहिले ०.१०.००, म्हणजे दहा आर. दहा गुंठे होतात १०,८९० चौरस फूट. दहा आर होतात १०,७६४ चौरस फूट. फरक १२६ चौरस फुटांचा. दहा बाय बाराची एक खोली १२० फुटांची असते. म्हणजे पैसे देऊन एक खोली हातची गेली. यात कुणी फसवले असेलच असे नाही. दोघांनाही "आर म्हणजे गुंठा" वाटत होते, एवढेच.

पूर्ण एकराचा सौदा असेल तर ४० गुंठे आणि ४० आर यांच्यात ५०४ चौरस फुटांचा फरक पडतो. "हेक्टर म्हणजे अडीच एकर" हे आणखी एक ठरलेले वाक्य. खरे तर हेक्टर म्हणजे २.४७ एकर, ९८.८४ गुंठे. शंभर गुंठे धरले तर सव्वा गुंठ्याच्या आसपास हवेत राहतो. या चुकीत नुकसान बहुतेक वेळा घेणाऱ्याचे होते, कारण गुंठ्याचा पैसा देऊन पदरात आर पडतो. पण विकणाऱ्याने यात खूश होऊ नये. त्याच्यासाठी दुसरा सापळा आहे आणि तो मोठा आहे.

"काका, गुंठा म्हणजे हजार फूट"

प्लॉटच्या बाजारात एक गोड वाक्य ऐकायला मिळते. "काका, सोपा हिशोब ठेवू. गुंठा म्हणजे हजार फूट. फुटाला दीडशे रुपये देतो, म्हणजे गुंठ्याला दीड लाख." काका म्हणतात, बरं. हिशोब खरंच सोपा आहे, पण खरा नाही. गुंठा १,०८९ फुटांचा. फुटाला दीडशे धरले तर गुंठ्याचे होतात १ लाख ६३ हजार ३५० रुपये. एका गुंठ्यामागे १३,३५० रुपये या "सोप्या" हिशोबात गेले.

आता समजा सातबारावर क्षेत्र आहे ०.३२.४०, म्हणजे ३२ आर ४० चौरस मीटर. गुंठ्यात ते होते ३२ च्या जरासे वर. ३२ गुंठेच धरा. ३२ गुणिले १३,३५० म्हणजे ४ लाख २७ हजार २०० रुपये. दर इथे केवळ उदाहरणाला घेतलाय, प्रत्येक गावचा आणि प्रत्येक जागेचा दर वेगळा. पण दर कितीही असो, हजार फुटांचा गुंठा धरला की विकणाऱ्याची शंभरातली आठ रुपयांहून जास्त रक्कम तिथेच बुडाली हे गणित बदलत नाही.

पूर्वी हा हिशोब कोण तपासणार होते? गावात गुणाकार येणारे असायचेच, पण १०१.१७ आणि १०.७६ हे आकडे डोक्यात कोण ठेवणार? मग विचारायचे तलाठ्याला, नाहीतर शहरातल्या भाच्याला, नाहीतर ज्याच्याशी सौदा करायचा त्या एजंटलाच. जो जागा घेतोय त्यालाच "किती झाले रे?" म्हणून विचारायचे, यासारखी दुसरी अडचण नाही. साध्या गणकयंत्राने नेमके हेच बदलले. चहाच्या टपरीवर बसल्या जागी, समोरचा बोलत असतानाच, आकडा टाकून बघता येतो. उत्तर यायला एक सेकंद लागत नाही. समोरच्याला मोबाईल दाखवून "दादा, इथे तर एक हजार एकोणनव्वद येतायत" एवढे म्हटले तरी सौद्याचा सूर बदलतो.

त्याचे मोठेपण साधेपणात

हल्ली शेतकऱ्यासाठी ॲपची कमी नाही. प्रत्येक योजनेचे वेगळे ॲप, वेगळे पोर्टल, वेगळा पासवर्ड. आधी नोंदणी, मग ओटीपी, मग सर्व्हर बिझी, मग "पुन्हा प्रयत्न करा." डोंगराकडच्या वाड्यांवर रेंजसाठी घराबाहेर यावे लागते, तिथे ही सगळी पायरी चढेपर्यंत माणूस कंटाळतो.

क्षेत्रफळाच्या साध्या गणकयंत्रात यातले काही नाही. ते नाव विचारत नाही, आधार मागत नाही, फोटो काढायला सांगत नाही. एक काम आहे आणि ते एकच काम ते नीट करते. पान हलके असते म्हणून कमी रेंजमध्येही उघडते. शाळा चौथीत सुटलेल्या माणसालाही आकडे वाचता येतात, त्यामुळे त्यालाही ते चालवता येते. म्हाताऱ्या आईला एकदा दाखवले की दुसऱ्यांदा ती स्वतः टाकून बघते. ज्या वस्तूला शिकवणी लावावी लागत नाही ती वस्तू खरी उपयोगाची, असे म्हणायला हरकत नाही.

ताईच्या वाट्याचे काय?

या गणिताचा सगळ्यात मोठा उपयोग कदाचित जमीन विकताना नसून जमीन वाटताना आहे.

आपल्याकडे सामाईक सातबारे फार. एका गटावर दहा-पंधरा नावे असणे ही नेहमीची गोष्ट. जुन्या कागदांत हिस्से आणे-पैमध्येही लिहिलेले सापडतात. सोळा आण्यांचे पूर्ण शेत आणि एका आण्याच्या बारा पै. चार आणे म्हणजे पाव हिस्सा, हे जुन्या माणसांना पाठ होते, नव्या पोरांना कळत नाही. आणि हिस्सा कळला तरी त्याचे गुंठे किती हे कुणी पटकन सांगत नाही.

समजा वडिलांच्या नावावर ०.४८.०० इतके क्षेत्र आहे. आईवडील दोघेही हयात नाहीत. मागे तीन भाऊ आणि दोन बहिणी. २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्ती कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनिता शर्मा खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. म्हणजे पाच जणांचे पाच सारखे वाटे. प्रत्येकाला ९६० चौरस मीटर. गणकयंत्रात टाकले की दिसते साडेनऊ गुंठे, म्हणजे १०,३३३ चौरस फूट.

आता सहीच्या वेळी ताईला काय सांगितले जाते? "ताई, तुझ्या वाट्याला काय येणार, दोन-चार गुंठे. ते घेऊन तू काय करणार? सही करून टाक." ताईने हक्क सोडायचा की ठेवायचा हा तिचा आणि भावांचा घरचा प्रश्न. कुणी माहेर टिकावे म्हणून आनंदाने सोडते, कुणाला खरोखर गरज असते. पण जे सोडतोय ते दोन गुंठे आहेत की साडेनऊ, हे तरी सही करणाऱ्याला ठाऊक असायला हवे. सासरी बसून, कुणाला न विचारता, हे तिला मोबाईलवर बघता येते. भावांच्या दृष्टीनेही ते बरेच. आकडा आधीच उघड असला की नंतर "मला सांगितले नव्हते" म्हणून कोर्टाची पायरी चढायची वेळ येत नाही.

खत, विमा आणि भरपाईतही तोच हिशोब

जमीन विकायची नाही, वाटायची नाही, तरी हे गणित दर हंगामात लागते.

भाताचे बघा. कोकण कृषी विद्यापीठाची सुधारित भात जातींसाठीची शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी आहे. पण हेक्टरभर भात लावणारे आपल्याकडे किती? दहा गुंठे, पंधरा गुंठे अशीच खाचरे. दहा गुंठे म्हणजे हेक्टरचा जेमतेम दहावा भाग. त्याला नत्र लागते सुमारे १० किलो. सगळे नत्र युरियातून द्यायचे म्हटले तरी संपूर्ण हंगामाला २२ किलो युरिया पुरतो, आणि तोही हप्त्याहप्त्याने. युरियाची गोणी ४५ किलोची. म्हणजे अर्धी गोणीसुद्धा पूर्ण लागत नाही. तरी "गोणी फोडलीय तर टाकून देऊ" म्हणून अख्खी गोणी दहा गुंठ्यात जाते. मग भात नुसते हिरवेगार वाढते, रोग-कीड येते, वाऱ्यापावसात आडवे पडते आणि पैसाही जातो. माती परीक्षण केले असेल तर अर्थातच त्या अहवालाप्रमाणे मात्रा द्यावी.

पीक विम्याचेही तेच. खरीप २०२३ आणि २०२४ ला एक रुपयात विमा होता, तेव्हा हप्ता किती हे बघायची गरजच नव्हती. खरीप २०२५ पासून ती सवलत बंद झाली. आता खरिपाच्या अन्नधान्य पिकाला शेतकऱ्याने विमा संरक्षित रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के भरायचे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या सरकारी पोर्टलवर हप्ता काढायचे गणकयंत्र दिले आहे. हंगाम, जिल्हा, पीक आणि क्षेत्र टाकले की शेतकऱ्याचा हप्ता किती आणि सरकारचा किती, हे दिसते. पण तिथे क्षेत्र हेक्टरमध्ये टाकायचे असते. वीस आर असतील तर ०.२० टाकायला हवे. कुणी नुसते २० टाकले तर पोर्टलच्या दृष्टीने तो वीस हेक्टरचा बागायतदार झाला! समजा हेक्टरी संरक्षण ६० हजारांचे धरले, तर वीस आरांना संरक्षण १२ हजारांचे आणि २ टक्क्यांनी हप्ता २४० रुपयांचा. हे घरूनच काढून गेले की सुविधा केंद्रावर कुणी जास्त मागितले तर लगेच विचारता येते.

नुकसानभरपाईच्या वेळी तर प्रत्येक गावात आवाज उठतो, "एवढेच पैसे कसे आले?" केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये आहेत, आणि नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असावे लागते. राज्य सरकार वेळोवेळी यात आपली भर घालते किंवा काढून घेते. मधल्या काळात जिरायतीचा दर १३,६०० होता. ८,५०० च्या दराने एका गुंठ्याला पडतात ८६ रुपये. पंधरा गुंठ्यांच्या भाताला १,२९० रुपये. हा आकडा पुरेसा आहे का, यावर वाद घालायलाच हवा. बी, खत, मजुरी, नांगरणीचा ट्रॅक्टर यांचा खर्च बघता तो पुरत नाही हे उघड आहे. पण खात्यात आलेली रक्कम नियमाप्रमाणे बरोबर आहे की पंचनाम्यात आपले क्षेत्रच कमी लिहिले गेले, हे आधी कळले पाहिजे. तक्रार करायची तर आकडा हातात हवा. "कमी आले" म्हणणाऱ्याचा अर्ज बाजूला पडतो. "माझे पेरणी क्षेत्र अमुक आर, तुमच्या यादीत तमुक आर" असे लिहिणाऱ्याला उत्तर द्यावे लागते.

आकडा टाकताना होणारी चूक

गणकयंत्र कितीही चांगले असले तरी त्याला आपण जे देऊ तेच ते मोजणार. सर्वात जास्त चूक सातबारावरचा आकडा वाचताना होते.

सातबारावर क्षेत्र तीन भागांत असते. पहिला हेक्टर, मधला आर, शेवटचा चौरस मीटर. उदाहरणार्थ ०.१२.०५ म्हणजे शून्य हेक्टर, बारा आर, पाच चौरस मीटर. बरेच जण याला "साडेबारा गुंठे" म्हणून मोकळे होतात. बरोबर आकडा १,२०५ चौरस मीटर, म्हणजे ११.९१ गुंठे. साडेबारा आर धरले तर ४५ चौरस मीटर, म्हणजे ४८४ चौरस फूट फुकटचे वाढले. एका शून्याने एवढा फरक पडतो.

त्यामुळे सोपी रीत अशी. आधी सगळ्याचे चौरस मीटर करायचे. हेक्टरला दहा हजारने गुणायचे, आरला शंभरने गुणायचे, शेवटचे चौरस मीटर त्यात मिळवायचे. आलेल्या आकड्याला १०१.१७ ने भागले की गुंठे मिळतात. १०.७६४ ने गुणले की चौरस फूट मिळतात. इंटरनेट नसेल तर मोबाईलमधला साधा कॅल्क्युलेटरही चालतो. हे दोन आकडे सातबाराच्या फाईलवर पेनाने लिहून ठेवले तरी काम होते.

कोणते गणकयंत्र खरे?

गुगलच्या शोधपेटीत हेक्टरचे एकर किंवा चौरस फूट करून मिळतात. गुंठ्यासाठी "गुंठा ते चौरस फूट" असे मराठीत टाईप केले किंवा माईकवर बोलले तरी अनेक पाने येतात. ती सगळीच नीट असतात असे नाही. काही पाने उत्तर भारतातल्या बिघा-बिस्व्याच्या हिशोबाची असतात. बिघ्याचे माप प्रत्येक राज्यात वेगळे आहे, त्यामुळे त्या भानगडीत पडू नये.

गणकयंत्र तपासायची युक्ती सोपी आहे. त्यात ४० गुंठे टाका. उत्तर ४३,५६० चौरस फूट आले तर ते बरोबर. मग एक हेक्टर टाका. ९८.८४ गुंठे यायला हवेत. शंभर आले तर ते पान बंद करा. आणि क्षेत्र मोजायला जे पान मोबाईल नंबर, आधार, बँक खाते किंवा ओटीपी मागते ते गणकयंत्र नाहीच. तिथून लगेच बाहेर पडावे.

चालता चालता शेत मोजणारी जीपीएसची ॲपही निघालीत. मोठ्या शेताचा अंदाज घ्यायला ती ठीक. पण मोबाईलच्या जीपीएसमध्ये चार-पाच मीटरचा फरक सहज पडतो आणि एका गुंठ्याची बाजू जेमतेम दहा मीटरची असते. दोन गुंठ्यांच्या जागेसाठी अशा ॲपवर भरवसा ठेवून बांधावर भांडण काढू नये.

टेपने मोजतानाही एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपली खाचरे काही पाटीसारखी चौकोनी नसतात. समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढून गुणाकार करायची गावची पद्धत आहे. पण शेत वाकडे असेल तर या पद्धतीत क्षेत्र नेहमी खऱ्यापेक्षा जास्तच येते, कमी कधीच येत नाही. म्हणजे या पद्धतीने मोजून घेतलेल्या जागेत घेणारा फसतो. शेताचे दोन त्रिकोण पाडून मोजले तर हिशोब बरोबर येतो.

जे गणकयंत्र सांगू शकत नाही

कौतुक करताना मर्यादाही सांगायला हव्यात. गणकयंत्र क्षेत्र सांगते, मालकी सांगत नाही. जमीन भोगवटादार वर्ग एकची की दोनची, कुळकायद्याची अट आहे का, इतर हक्कात कुणाचे नाव आहे का, कर्जाचा बोजा आहे का, पोटखराबा किती, हे सातबारा आणि फेरफार वाचूनच कळते. महाभूलेखच्या सरकारी साईटवर विनासहीचा सातबारा फुकट बघता येतो आणि डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो. गणकयंत्र उघडायच्या आधी तो उघडावा.

महामार्गालगतच्या गावांत तर आणखी एक गोष्ट बघायला हवी. रस्त्यात गेलेले क्षेत्र कमी-जास्त पत्रकाने सातबारावरून कमी झाले आहे का? ते कमी झाले नसेल तर कागदावर तीस आर आणि जाग्यावर बावीस, असे व्हायला वेळ लागत नाही. अशा जागेचा सौदा करताना गणकयंत्राने अचूक उत्तर दिले तरी ते चुकीच्या आकड्याचे अचूक उत्तर असणार. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी हाच मार्ग.

गुंठेवारीबाबतही सावध राहायला हवे. जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधानसभेत तुकडेबंदी कायदा शिथिल करण्याची घोषणा केली. १ जानेवारी २०२५ पर्यंत झालेले एक गुंठ्यापर्यंतचे तुकडे नियमित करण्याची ती घोषणा होती. तेव्हापासून "आता गुंठागुंठा विकता येतो" असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागले. हा दिलासा नागरी आणि रहिवासी वापराच्या क्षेत्रातल्या आधीच्या तुकड्यांसाठी आहे. भातशेतीतून नवा गुंठा तोडून विकायची ती मोकळीक नाही. गणकयंत्र एक गुंठ्याचे एक आर आणि १.१७ चौरस मीटर करून देईल, पण तो गुंठा विकता येतो का हे दुय्यम निबंधक कार्यालयात किंवा जाणत्या वकिलाकडेच विचारावे लागेल.

हिशोब स्वतःच्या हातात

जमीन हा आपल्याकडे केवळ पैशाचा विषय नाही. बांधावरून भाऊ भावाशी बोलत नाहीत, दोन पिढ्या कोर्टात जातात, हे प्रत्येक गावाने पाहिलेय. त्यातली सगळीच भांडणे लबाडीची नसतात. कितीतरी भांडणांच्या मुळाशी नुसता चुकीचा गुणाकार असतो. कुणी आर धरला, कुणी गुंठा धरला, कुणी हजार फूट धरले आणि प्रत्येकाला वाटले दुसऱ्याने आपले खाल्ले.

म्हणून ग्रामपंचायतींनी एक छोटे काम करायला हरकत नाही. कार्यालयाच्या भिंतीवर रंगाने चार ओळी लिहाव्यात : १ गुंठा = १,०८९ चौरस फूट, १ आर = १,०७६ चौरस फूट, ४० गुंठे = १ एकर, १ हेक्टर = ९८.८४ गुंठे. शाळेत सातवी-आठवीच्या मुलांना स्वतःच्या घरचा सातबारा आणायला सांगून त्याचे गुंठे काढायला लावावेत. ते गणित मुलांच्या तर लक्षात राहीलच, पण त्या निमित्ताने घरातली मोठी माणसेही आपला सातबारा पुन्हा एकदा नीट वाचतील.

तोवर प्रत्येकाच्या खिशातला मोबाईल आहेच. पुढच्या वेळी कुणी "सोपा हिशोब" सांगितला की लगेच हो म्हणू नये. आधी सातबारा काढावा, आकडा टाकावा, उत्तर बघावे. मग बोलावे.